नाव पुसायचं काम

आमच्या सासूबाईंना शेजारणी विचारतात, "तुमची सून करती तरी काय?" सासूबाईंचं उत्तर ठरलेलं. "लोकांची नावं मोठी करती. भाजीत मीठ घातलंय का न्हाय ते मात्र तिला म्हाईत नसतंय."

दोन्ही वाक्यं खरी असल्यामुळं मी कधी भांडले नाही.

पूर्वी मी हळदीकुंकवाच्या समारंभांत निवेदन करायचे, पैठणीचे खेळ घ्यायचे. मैदानभर बायकांना एका पायावर नाचवायचं, त्यातल्या एकीलाच पैठणी द्यायची आणि बाकीच्यांना हसत घरी पाठवायचं, हे जिला जमलं तिला जगात काहीही जमतं. आवाज खणखणीत, तोंड त्याहून खणखणीत. मग लोकांच्या हातात मोबाईल आले. अशाच एका कार्यक्रमाला बक्षीस द्यायला आलेले दातांचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वैजूताई, मला कॅमेऱ्यापुढं बोलताच येत नाही हो. शिकवाल का?" लोकांना तोंड उघडायला लावणारा माणूस मला तोंड उघडायला शिकवा म्हणत होता. तिथून माझा धंदा सुरू झाला.

धंदा आधी समजावून सांगते, कारण 'पर्सनल ब्रँड' म्हटलं की आमच्याकडं लोकांना चपलांचं दुकान आठवतं. गोष्ट सोपी आहे. तुमचं नाव कुणी घेतलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं पहिल्यांदा काय येतं? तो तुमचा ब्रँड. कोल्हापूरला ही विद्या नवी नाही. एका पेठेत संभाजी नावाची चार माणसं असली की चौघांना चार टोपणनावं पडतात आणि ती मेल्यावरही सुटत नाहीत. पूर्वी नाव गल्ली ठेवायची, आता माणूस स्वतःच ठेवून घेतो आणि त्यासाठी माझ्यासारखीला बोलावतो. कसं उभं राहायचं, कुठला शर्ट घालायचा, पहिलं वाक्य काय टाकलं की बघणाऱ्याचं बोट थांबेल, हे मी सांगते. व्हिडिओ काढते, कापते, चढवते आणि खाली ज्या शिव्या येतात त्यांना गिऱ्हाइकाच्या नावानं गोड उत्तरं देते. माझं सूत्र एकच: खरी असलेली एक गोष्ट धरायची आणि ती सोडायची नाही.

गिऱ्हाइकं एकेक नग असतात. व्यायामशाळेचे एक वस्ताद होते. दंड असा की माझ्या दारातून आडवे होऊन आत यावं लागायचं. पण कॅमेरा सुरू झाला की आवाज लग्नात उखाणा घेणाऱ्या नवरीसारखा. नाना उपाय थकले. शेवटी कळलं की समोर कुणीतरी चुकीची बैठक मारत असल्याशिवाय या माणसाला कंठ फुटत नाही. मग मी आमच्या ह्यांना कॅमेऱ्याच्या मागं बैठका मारायला उभं केलं. ह्यांची बैठक म्हणजे काय वर्णावी! वस्तादांनी असा काही आवाज लावला की शेजारच्यांनी गॅलऱ्या गाठल्या. "गुडघा बघ! गुडघा बघ की रं!" पेज धावायला लागलं. आमचे हे मात्र पुढं आठवडाभर जिना उलटे उतरत होते.

दुसरे पन्हाळ्याचे एक जागांचे एजंट. ऐन धुक्यात शूटिंग करायचा हट्ट. "वातावरण येतंय की, मॅडम!" वातावरण एवढं आलं की ते स्वतःही दिसेनात. नुसता पांढरा पडदा आणि आतून आवाज, "तर पावणं, ह्यो जो समोर दिसतोय, त्यो आपला प्लॉट." मी व्हिडिओ तसाच चढवला. लोकांनी तो इतका उचलून धरला की ते बिचारे अजूनही धुक्याची वाट बघत बसतात.

अशा गमती सांगायला बसले तर हा अंक पुरणार नाही. पण ज्या कामासाठी ही लेखणी हातात घेतली ते वेगळं आहे. त्यातल्या मुलीचं नाव मी इथं लिहिणार नाही. आधीचं नाही, कारण ते पुसायचं काम तिनं माझ्याकडं दिलं होतं. नंतरचं नाही, कारण त्या नावाची प्रसिद्धी करायचा मला अधिकार नाही. सगळे तिला मॅडम म्हणायचे. मीही तेच म्हणते.

मॅडम आहारतज्ज्ञ. कोल्हापुरात आहारतज्ज्ञ होणं म्हणजे रंकाळ्यात उभं राहून पाण्यावर टीका करणं. तिचे वडील आप्पा मार्केट यार्डात गुळाचे अडते. जैन घराणं, मूळचं शिरोळकडचं. तिची आई ती शाळेत असतानाच वारलेली, थोरला भाऊ पुण्याला नोकरीत. घरात बापलेक दोघंच. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आप्पांनी मला पाट सरकवला आणि म्हणाले, "बसा बाई. बघा आमच्या घरची तऱ्हा. बाप गूळ विकतोय, लेक लोकांचं गोड बंद करतीय. एका घरात दोन पार्ट्या झाल्या की न्हाय?"

"आप्पा, मी गूळ बंद करा म्हणत नाही," आतून आवाज आला. "कमी करा म्हणते."

"हां, म्हंजे दुकान बंद न्हाय, अर्धं शटर."

अशी ती जोडी. मॅडमचा एकच दोष होता, आमच्या धंद्याच्या दृष्टीनं दोष. ती फुगवून बोलायला तयार नसायची. मी लिहून द्यायचे, 'महिन्याभरात पोट सपाट!' ती शांतपणे कागद परत द्यायची. "अक्का, असं होईलच हे मला माहीत नाही. मग मी कसं बोलू?" शेवटी मी तिला एका मिसळीच्या दुकानात नेऊन बसवलं आणि म्हटलं, आता तुला जे माहीत आहे ते बोल. तिनं चमच्यानं वरचा लालभडक कट अलगद बाजूला काढला आणि कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली, "मिसळ सोडू नका. कट काढा आणि मटकी दोनदा मागा."

झालं. या एका वाक्यानं तिला जिल्हाभर नेलं. रस्त्यानं जाताना दुचाकीवरची पोरं ओरडायची, "मॅडम, आज कट काढलाय बरं का!" दवाखान्यात रांगा, कॉलेजांत भाषणं. एका बिस्किटवाल्यांनी जाहिरातीसाठी विचारलं तर तिनं हात जोडले. लोकांना ती आवडली याचं कारण तिचा साधेपणा, आणि तो साधेपणा मी पैलू पाडून पाडून बाजारात आणला होता. माझं सगळ्यांत देखणं काम.

मग हळूहळू ती एकेक गोष्ट काढून ठेवायला लागली. आधी लिपस्टिक गेली. मग कानातलं. मग रंगीत ओढण्या. सूर्य मावळायच्या आत जेवायची रीत घरात होतीच, आता ती दिवसातून एकदाच जेवायला लागली. धंदा डोक्यात भिनला की डोळ्यांना दिसतं ते मेंदूला दिसत नाही. मी म्हटलं, "झकास! हा लूक चाललाय तुझा. हाच धरून ठेव." ती हसली. त्या हसण्यात काही निराळं होतं का, हे मी नंतर जुन्या व्हिडिओंमधून शोधायचा प्रयत्न केला. सापडलं नाही.

त्यानंतर एक दिवस शूटिंग आटोपल्यावर, मी स्टँड मिटत असताना ती म्हणाली, "अक्का, मी घर सोडतेय."

"पुण्याला जातीस व्हय? दादाकडं?"

"नाही. घरच सोडतेय."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जैनांमध्ये स्त्री आर्यिकेची दीक्षा घेते तेव्हा घर, नाती, पैसा आणि जुनं नावसुद्धा मागं टाकते. एक पांढरं लुगडं, हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू. एक वेळ आहार. पायी प्रवास. तिला पुढं माताजी म्हणतात. गुरूंनी दिलेलं नवं नाव लागतं. जुनं नाव उरत नाही, आणि मी तर आयुष्यभर नावांवरच जगत आलेली बाई.

ती काही काळ आर्यिकांच्या संघाबरोबर राहिली. मी साठवलेले व्हिडिओ चढवत राहिले, मनात म्हणत होते, येईल परत. मग दीक्षेचा दिवस ठरला. तिनं कॅमेऱ्यापुढं बसून शेवटचं चार ओळींत सांगितलं की मी दीक्षा घेतेय, माझ्याकडून कुणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा करा. माझ्या सगळ्या धंद्यात इतका बघितला गेलेला व्हिडिओ दुसरा नाही, आणि तो होता ब्रँड मोडायचा.

त्या दिवशीच तिनं पेजच्या चाव्या माझ्याकडं दिल्या. "मी आत्ताच बंद करणार होते. आप्पा म्हणाले, दीक्षा होईपर्यंत राहू दे, पाहुणे बघतात. पुढं मी फोनला हात लावणार नाही. तुम्ही बंद करा. सगळं पुसून टाका, अक्का. मी पुढं गेले आणि माझं नाव मागं लोकांशी बोलत बसलं, असं नको."

मी तिच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं.

दीक्षेच्या आधी मिरवणूक निघाली. तिला नवरीसारखं सजवलं होतं, आणि आप्पा फेटा बांधून रथापुढं चालत होते. समारंभात गुरू सर्वांसमोर घरच्यांची संमती विचारतात. आप्पांपुढं माईक आला. गुळाच्या सौद्यात ज्यांचा आवाज अख्ख्या यार्डात पोचायचा, त्यांच्या तोंडून एक 'व्हय' निघाला. तोही माईकला ऐकू गेला नाही, म्हणून पुन्हा म्हणायला लावला. मग तिनं स्वतःच्या हातांनी स्वतःचे केस उपटायला सुरुवात केली. तिच्या कपाळावरची एक बट नीट बसावी म्हणून मी कितीदा तरी कॅमेरा थांबवला होता. मी मान खाली घातली. माझ्या शेजारी आप्पा मात्र बघत होते, एकदाही पापणी न लववता.

दुसऱ्या दिवशी मी पेज बंद करायला बसले. तेवढ्यात आप्पा दारात. चपला काढायच्या आधी प्रश्न.

"बंद केलासा?"

"नाही अजून."

"मग ऱ्हाऊ दे."

मी पाणी दिलं. ते प्यायले नाहीत. म्हणाले, "बाई, तुमाला एक दावतो." त्यांनी खिशातून फोन काढला. बऱ्याच जुन्या काळातला व्हिडिओ होता. स्वयंपाकघरात मॅडम ज्वारीच्या भाकरीवर बोलतीय आणि मधेच आप्पा खांद्यावर टॉवेल टाकून चौकटीत शिरतात. ती बोलणं अर्धवट सोडून वळते, "आप्पा, जेवलासा काय? ताट झाकून ठेवलंय बघा." मग दोघांच्याही लक्षात येतं की कॅमेरा चालू आहे आणि दोघं हसत सुटतात. चुकलेलं शूटिंग म्हणून मी ते गमतीनं चढवलं होतं.

"रोज जेवाय बसलो की लावतो," आप्पा म्हणाले. "ती इचारती, जेवलासा काय. मी सांगतो, जेवतोय बाळा. मग घास जातोय."

मी उघडलेलं पेज तसंच मिटलं.

त्यांचा पुतण्याही येऊन गेला. "वैजूकाकू, बंद कशाला? नाव तेवढं बदला. एवढी माणसं तयार हायत, माताजींच्या नावानं चालवूया." धंद्याच्या हिशोबानं पोराचं काही चुकत नव्हतं. मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. पण पुतण्याला नाही म्हणणं सोपं होतं. आप्पांचं काय करायचं? इकडं दिलेला शब्द, तिकडं एका माणसाचा घास. दिवस जायला लागले. पेज उघडायचं, बघायचं, मिटायचं, हाच उद्योग.

शेवटी मला तोड सुचली. मी आप्पांकडं गेले. "असं करूया. तो व्हिडिओ तुमच्या फोनमध्ये भरून देते. कायमचा. मग पेज बंद करते. तिचंही ऐकलं, तुमचंही झालं."

आप्पा गुळाच्या ढेपेवर नखानं रेघा मारत राहिले. मग म्हणाले, "तिनं पुसा म्हटलंय न्हवं? माझ्या खिशात ऱ्हायलं तर पुसलं कुठं? चोरून ठेवल्यागत हुतंय ते." ढेपेवर हात फिरवून म्हणाले, "इचारून येऊया. परवानगी दिली तर ठेवूया."

संघाचा चातुर्मास तेव्हा सीमेपलीकडच्या एका गावात होता. माझी छोटी गाडी काढली. आप्पा पांढऱ्याशुभ्र शर्टात, मांडीवर टोपी. कागल मागं पडल्यावर त्यांनी पाठांतर सुरू केलं. "माताजी, एक इनंती हाय. त्यो भाकरीचा व्हिडिओ..." आवाज तिथंच बसायचा.

मी काय, सवयीनं सूचना द्यायला लागले. "आप्पा, पहिलं वाक्य एका श्वासात घ्या. 'भाकरी' म्हणू नका, तिथं तुम्ही अडकता. 'एक जुना व्हिडिओ' म्हणा."

"एक जुना व्हिडिओ," ते म्हणाले. "मला जवळ ठेवायचाय. आपली परवानगी असली तर." आणि मग लहान पोरासारखं, "आता बरं आलं न्हवं?"

"एक नंबर आलं."

बसदीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, शेजारच्या सभागृहात ती लाकडी पाटावर बसली होती. पांढरं लुगडं, डोक्यावर बोटभर केस, चेहरा सुकलेला आणि अगदी स्वच्छ. दर्शनाची रांग होती. प्रत्येकाला तोच आशीर्वाद, तीच नजर. आमची पाळी आली. आप्पांनी वाकून "वंदामि, माताजी" म्हटलं. पिंछी पुढच्या माणसासाठी जेवढी उचलली होती तेवढीच उचलली गेली. धर्मवृद्धीचा आशीर्वाद मिळाला. कुणाला वाटावं, ही दोन माणसं आज पहिल्यांदाच भेटताहेत.

मग तिनं विचारलं, "काही नियम घेणार?"

ही त्यांच्याकडची रीत. साधूंच्या दर्शनाला गेलं की माणूस आपल्या आवडीची एखादी गोष्ट सोडायचा नियम घेतो. कुणी बटाटा सोडतं, कुणी पान. आमच्या पुढच्या गृहस्थांनी दिवाळीपर्यंत हॉटेलचा चहा सोडला होता. रिकाम्या हातानं उठू नये म्हणतात.

मी मागून आप्पांना कोपरानं ढोसलं. पहिलं वाक्य, आप्पा, एका श्वासात!

"माताजी," आप्पा म्हणाले, "मोबाईलवरचा आवाज सोडतो."

माझं कोपर हवेतच राहिलं.

"कसला आवाज?"

"जेवताना लावतो, त्यो."

सभागृहातला पंखा तेवढा फिरत होता. तिला कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. तिनं विचारलं, "किती काळासाठी?"

"जिवंत हाय तवर."

तिची नजर खाली गेली, पिंछीवर. परत वर आली तेव्हा ती मघाचीच होती. "नियम नीट पाळा," ती म्हणाली. आणि मग, "जेवण चुकवू नका."

हे ती सगळ्यांनाच सांगत असेल. आमच्या मागच्या माणसाला मात्र सांगितलं नाही. मी मुद्दाम थांबून ऐकलं.

गाडीत बसल्यावर मी जवळजवळ ओरडलेच. "आप्पा, हे काय केलंत? आपण मागायला आलो होतो!"

"इचारलं असतं तर न्हाय म्हटली असती, न्हायतर व्हय म्हटली असती." आप्पांनी टोपी मांडीवर नीट ठेवली. "दोन्ही तिला जडच की, बाई."

पुढं दोन्ही बाजूंना ऊस लागला तिथं त्यांनी गाडी कडेला घ्यायला सांगितली. "आता करा बंद. घरात न्हाय जमायचं."

मी फोन काढला. आप्पांनी दाराची कडी उघडली. "तुमाला एकदा बघायचं असलं तर बघा. तुमी कुठं नियम घेतलाय? मी खाली हुबा ऱ्हातो."

ते उतरले. दार लावलं. काच पूर्ण वर आहे ना ते बाहेरून बोटानं चाचपून बघितलं आणि उसाकडं तोंड करून उभे राहिले.

मी तो व्हिडिओ लावला. भाकरी, टॉवेल, तिचं वळणं. "आप्पा, जेवलासा काय? ताट झाकून ठेवलंय बघा." बंद गाडीत तिचा आवाज किती मोठा वाटला! मी काचेतून बाहेर पाहिलं. पाठमोरे आप्पा, आणि दोन्ही कानांवर घट्ट दाबून धरलेले हात.

हसणं संपलं. मी पेज पुसायचं बटण दाबलं. फोननं मला विचारलं, नक्की ना? माझ्या धंद्यात हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. मी हो दाबलं. तिचं नाव पडद्यावरून गेलं.

हॉर्न वाजवून उपयोग नव्हता, त्यांना ऐकू गेला नसता. मी उतरले. उसाच्या कडेनं त्यांच्यापर्यंत गेले, त्यांचे हात एकेक करून कानांवरून खाली घेतले आणि म्हटलं, "झालं, आप्पा."